‘पासून’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द

इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ झाला म्हणजे तो वापरता आला, असे नव्हे. ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’ एवढेच शिकलेला विद्यार्थी रजेच्या अर्जात ‘आय ॲम इल सिन्स थ्री डेज’ असे लिहितो. हा दोष त्याचा नसून आपल्या अध्यापनाचा होय. मराठीतील ‘पासून’ आरंभ व अवधी दोन्ही दर्शविते. इंग्रजीत आरंभासाठी ‘सिन्स’ व अवधीसाठी ‘फॉर’ योजितात. शिवाय आजार अद्याप चालू असल्याने ‘ॲम’ऐवजी ‘हॅव बीन’ हवे: ‘आय हॅव बीन इल सिन्स मंडे’, ‘आय हॅव बीन इल फॉर थ्री डेज’. शिक्षकांनी फळ्यावर ‘सोमवार, सकाळ’ आणि ‘तीन दिवस, दोन तास’ असे दोन रकाने आखून मुलांकडून वाक्ये करवून घ्यावीत. नियम मागाहून सांगावा.