सुरमई की मातकट?

घराच्या भिंतीला खालून हात-दीड हात उंचीपर्यंत गडद रंगाचा पट्टा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पाणी उडाले, मुलांचे हात लागले, तरी त्यावर डाग उठून दिसत नाही. या पट्ट्यासाठी दोन रंग चांगले शोभतात.

पहिला सुरमई. डोळ्यांत घालतात त्या सुरम्यावरून उर्दूत हे नाव आले. मराठीत राखाडी म्हणतात. पण राख फिकी असते, सुरमा गडद. दुसरा रंग मातकट करडा. उर्दूतला 'खाकी' शब्द जसा 'खाक' म्हणजे धूळ, माती यावरून झाला, तसाच मराठीत मातीवरून मातकट.

दुकानातल्या कार्डावर दोन्ही जवळजवळ सारखेच वाटतात. फरक कळतो तो भिंतीवर. पांढऱ्या चुन्यात नुसती काजळी कालवली की करड्या रंगात निळसर झाक येते. तिच्यात थोडा गेरू घातला की ती झाक जाते आणि रंग मातीकडे झुकतो. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात सुरमई अधिक निळा दिसतो, तर पिवळ्या बल्बखाली मातकट रंग खुलतो.

शेजारचा रंगही फसवतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिचे विणत. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोध घेतला. रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला. म्हणूनच हिरव्या दाराजवळचा करडा पट्टा किंचित तांबूस वाटतो.

मुकुटबनच्या परिसरात कोळसा निघतो आणि २०२२ मध्ये तिथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतोच. सुरमई पट्ट्यावर वाळलेली धूळ पांढरट दिसते. मातकटावर ती खपून जाते. अशा गावात मला मातकटच बरा वाटतो, दिसायला सुरमई कितीही ऐटदार असो.

मात्र चारही भिंती गडद करू नयेत. गडद रंग प्रकाश शोषून घेतो, पांढरा चुना तो परत फेकतो. एकच खिडकी असलेल्या खोलीत वरपर्यंत सुरमई दिला, तर मुलांना दिवसाही दिवा लावून वाचावे लागेल. वीज गेली, म्हणजे पुस्तक मिटलेच!

दोन्ही रंगांचा हातभर नमुना भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि रात्री पाहावा. ओला चुन्याचा रंग गडद दिसतो, वाळला की फिकट होतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच ठरवावे.