पहाटेचा केर

अहिल्यानगर,
दसऱ्यानंतरचा बुधवार

चि. बाळूस,


परवा फोनवर तू म्हणालास, "काका, तुमच्या हाताला यश होतं, माझ्या नाही." त्याच बोलण्यात तुझ्या मित्राचं ते धातू शोधायचं मशीन आलं, अमावास्येची रात्र आली, आणि राहुरीकडच्या कुठल्याशा माळावर पुरलेला हंडाही आला. मी गप्प राहिलो, ते पटलं म्हणून नव्हे. तिथेच रागावलो असतो तर तू ऐकणं बंद केलं असतंस. म्हणून कागदावर लिहितो आहे. सावकाश वाच.

कंपनीतलं काम सुटल्यावर तू आजोबांचा कुंचा हातात घेतलास, याचा मला अभिमान आहे. सोनाराच्या दारातली माती झाडायची, धुवायची आणि त्यातून सोनं काढायचं, या कामाला लोक नाकं मुरडतात. मुरडू देत. नगरात झारेकर गल्ली आहे. ते नाव घेणारा प्रत्येक जण आपल्या धंद्याचं नाव घेतो. पण आठ महिन्यांत तुझी नजर मातीवरून उठून आभाळातल्या नक्षत्रांकडे गेली, त्याची मला काळजी वाटते.

वेळेला महत्त्व आहे, हे तुझं म्हणणं खरं आहे. फक्त ते कशामुळे आहे, ते तू चुकीच्या माणसांना विचारलंस.

तुझे आजोबा पहाटे साडेचारला घर सोडायचे. निघताना मोहटादेवीच्या तसबिरीला हात जोडायचे, ही त्यांची श्रद्धा. पण साडेचार ही वेळ देवीने दिलेली नव्हती. ती झाडूवाल्यांनी दिलेली होती. रात्री सराफ बाजार बंद होतो तेव्हा दिवसभर कारागिरांनी कानस चालवलेली असते. तिचा कीस त्यांच्या कपड्यांत, तळपायांना आणि चपलेच्या खाचांत बसतो. कारागीर घरी निघाला की तो पायरीवर झडतो, पायरीखालच्या फरशीच्या सांध्यात जाऊन बसतो. रात्रभर तिथून कोणी चालत नाही. पहाटे वारा पडलेला असतो, थंडीत दवाने धूळ दबलेली असते, त्यामुळे कुंचा मारला तरी बारीक कण उडून जात नाही. सहा वाजले की झाडलोट करणारे येतात, मग दुधाच्या गाड्या, मग शाळेच्या रिक्षा. दहा वाजता त्याच पायरीवर तू गेलास तर तुझं सोनं शंभर चपलांना लागून शंभर गल्ल्यांत गेलेलं असतं. सोनं तेवढंच पडलं होतं. तू पाच तास उशिरा आलास, इतकंच. त्याला तू नशीब म्हणतोस.

दुसरं कारण उजेडाचं, आणि ते मला आजोबांनी नाल्याच्या काठावर बसून दाखवलं होतं. भर उन्हात परातीत काय काय चमकतं! अभ्रकाचा पापुद्रा चमकतो, काचेचा चुरा चमकतो, पितळेचा कीस चमकतो. नवखा माणूस प्रत्येक चमकीवर झडप घालतो आणि अर्ध्या तासात थकतो. आजोबा परातीवर स्वतःची सावली धरायचे. सावलीत अभ्रक विझतं, कारण ते उन्हाच्या एका कोनातच लकाकतं. सोनं सावलीतही पिवळंच राहतं, परात कशीही फिरव. पहाटेच्या सौम्य उजेडात हे काम आपोआप होतं. आता बाजारात पांढरे एलईडी दिवे आलेत, त्यांचा उजेड वरून सरळ पडतो आणि जमीन सपाट दिसते. तू बॅटरी जमिनीलगत आडवी धर. प्रत्येक कणाची लांब सावली पडेल आणि फरशीचा सांधा कुठे खोल आहे ते कळेल. घराबाहेर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटं मोबाईलच्या पडद्याकडे बघू नकोस. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि एकदा पडदा उघडलास की ती सवय मोडते.

वर्षातही वेळ असते. गुरुपुष्याच्या दिवशी माती चांगली लागेल म्हणून तू मागच्या वेळी गेलास आणि हात हलवत परत आलास. अरे, त्या दिवशी गिऱ्हाईक दुकानात येतं, तयार डाग घेऊन जातं. कीस पडतो तो आधीच्या पंधरवड्यात, कारागीर रात्री बारापर्यंत बसून डाग घडवत असतात तेव्हा. मुहूर्त गिऱ्हाइकाचा, आपला दिवस त्याच्या अलीकडे असतो. धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दिवस, लग्नसराईची सुरुवात, ही आपली सुगी. दिवाळीच्या तोंडावर दुकानं आणि पेढ्या आतून साफ होतात, जुन्या चटया निघतात. त्या चटया, पॉलिशच्या चिंध्या, कारागिराची फाटकी बंडी, हे सगळं जाळून त्याची राख धुतली तर रस्त्याच्या महिन्याभराच्या मातीपेक्षा जास्त निघतं. आणि पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर गटाराच्या वळणाला बघ. पाणी जिथे वेगाने जातं तिथे काही नसतं. जिथे ते मंदावतं, वळणाच्या आतल्या अंगाला, दगडाच्या पाठीमागे, तिथे जड माल बसतो. वाळूच्या मानाने सोनं सातपट जड आहे. ते आळशी असतं असं आजोबा म्हणायचे. पहिली निवाऱ्याची जागा मिळाली की तिथेच बसतं.

आता लक्षाबद्दल. इथे मला स्वतःचा एक दिवस सांगायचा आहे. मी बावीस वर्षांचा होतो. दुपारचे दोन वाजले होते आणि सकाळपासूनची ती नववी परात होती. बहिणीच्या लग्नाचे पैसे कुठून आणायचे हे डोक्यात घोळत होतं. हात सवयीने फिरत होते. वरचं पाणी, मग काळी रेती, सगळं मी ओतून दिलं आणि आजोबांना सांगितलं, "या मातीत काही नाही." ते काही बोलले नाहीत. मी ओतलेला गाळ त्यांनी घमेल्यात भरून घरी आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला शेजारी बसवून तोच गाळ पुन्हा धुतला. त्यातून दोन गुंजा सोनं निघालं. दोन गुंजा म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. पण माती तीच होती, परात तीच, पाणीही त्याच विहिरीचं. फरक एवढाच की दुपारी परातीपाशी माझे फक्त हात होते.

माणसाचं लक्ष किती टिकतं याचा अभ्यास झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या नजरेतून काही वेळाने खुणा निसटायला लागल्या. तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की कळवायचं, एवढंच काम. त्याने १९४८ साली दाखवून दिलं की पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोक उड्या चुकवू लागतात. सोन्याचा कण म्हणजे तशीच एक उडी आहे, हजार मातीच्या कणांमध्ये एक. म्हणून आजोबा दोन पराती धुतल्या की उठायचे, तंबाखू मळायचे, रस्त्यावरच्या माणसांशी बोलायचे, मग पुन्हा बसायचे. मला तो आळस वाटायचा. तू तंबाखू नको मळूस, पण उठत जा. तहान-भूक लागली असताना धुवू नकोस. शेवटची काळी रेती उरली की ती त्या दिवशी संपवायचा हट्ट नको. डब्यात भरून ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी धू. आधी लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरव, लोखंडाचा कीस निघून जाईल. फार बारीक सोनं कधीकधी पाण्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. परातीत रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाक, ते खाली बसेल.

आता त्या मशीनकडे आणि हंड्याकडे वळतो. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर बसलेला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा पाषाण. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत, आणि सीना नदीच्या वाळूतही सोनं नाही. सोन्याचे खडक आपल्या राज्यात दूर पूर्वेला, भंडारा-नागपूरकडे आहेत, आणि खाली कर्नाटकात; कोलारची खाण २००१ साली बंद झाली, हट्टीची चालू आहे. नगरात जे सोनं आहे ते माणसांनी आणलेलं आणि माणसांच्या हातून सांडलेलं. राहिला हंडा. ज्याने तुला अमावास्येची मध्यरात्र सांगितली, तो लवकरच पूजेचे पैसे सांगेल, आणि नंतर त्याहून भयंकर काही सांगेल. गुप्तधनाच्या नावाने या महाराष्ट्रात मुलांचे बळी दिले गेले आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही आहे. आणि खरोखरच जमिनीत पुरलेलं काही हाती आलं, तरी १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अंधारात गुपचूप काढलेला हंडा तुझा होत नाही, तू गुन्हेगार होतोस.

अवचित काही सापडतच नाही, असं मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे चार पुतळे सापडले. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंच्या वर. तो खजिना शोधत नव्हता, तो दिवसाउजेडी आपलं काम करत होता. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात १८६९ साली जगातला सगळ्यात मोठा सोन्याचा गोळा सापडला, तोही झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली दोन बोटांवर. तो काढणारे डीसन आणि ओट्स हे दोघे त्याच टेकाडावर कित्येक वर्षं माती धूत होते. ज्या दिवशी गोळा दिसला त्या दिवशीही ते कामावरच आले होते.

आणखी दोन गोष्टींची तुला ताकीद देतो. पहिली पाऱ्याची. पारा सोन्याला धरतो, मग तो आचेवर उडवून सोनं मागे ठेवायचं, हे तू आजोबांकडून बघितलंस. माझे धाकटे चुलते बंद खोलीत हे वर्षानुवर्षं करत होते. शेवटी त्यांच्या हाताला इतका कंप सुटला की चहाची बशी धरता येईना. घरात, लेकरांजवळ पारा तापवायचा नाही. धुतलेला माल गाळणीवाल्याकडे दे; त्याच्याकडे धूर ओढून घेणारी भट्टी असते. तो चार पैसे कापून घेईल, घेऊ दे. दुसरी गोष्ट, गटाराचा गाळ वरून काढ, झाकण उघडून आत उतरू नकोस, कोणी कितीही पैसे दिले तरी. आत वायू असतो आणि तो वास न देताही मारतो.

रस्त्यावरची माती दिवसेंदिवस कमी होत जाणार, हेही मी लपवत नाही. दुकानदार आता टेबलाखाली ट्रे लावतात, फरशी यंत्राने ओढून घेतात, आणि कारागीर पुष्कळसे बंगालहून आलेले, ते आपला कीस आपणच जपतात. म्हणून यापुढे तुझं पोट रस्त्यापेक्षा दुकानाच्या आतल्या केरावर चालेल, आणि आत तुला शिरू देतील ते विश्वासावर. केरात अख्खी कुडी, नथीचा फासा, साखळीची कडी सापडली तर ती ज्याच्या दारात सापडली त्याला त्याच सकाळी परत द्यायची. आजोबांनी एकदा अशी एक कुडी दुकान उघडायच्या आधी दारात बसून राहून परत केली होती. त्या पेढीचा वर्षाचा केर पुढे ते असेपर्यंत दुसऱ्या कोणाला गेला नाही. किसावर आपला हक्क, डागावर नाही.

तर असं कर. ते मशीन मित्राला परत दे, आणि पैसे दिले असशील तर ते बुडाले म्हणून सोडून दे. वसुबारसेच्या दिवशी पहाटे पाचला सराफ बाजाराच्या तोंडाशी ये. झाडलोट करणारे सहाला येतात, म्हणजे आपल्याला तासभर मिळेल. मोबाईल घरी ठेवून ये. आजोबांची परात माझ्याकडे आहे, ती मी घेऊन येतो.

तुझा,
थोरला काका