स्मृतिभ्रंशाच्या उत्तरावस्थेत जोडीदाराचा दिवस

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, झालेल्या पत्नीस वा पतीस घरीच सांभाळणारी वृद्ध मंडळी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : "आता हिला काहीच कळत नाही, नुसती बसून असते. हिचे मन कशात रमवावे?" औषधांच्या चिठ्ठीत याचे उत्तर नसते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील सुमारे 88 लाख भारतीयांना हा विकार असल्याचा अंदाज मांडला. त्यातही शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. जांब समर्थ व परिसरातील कुटुंबांसाठी म्हणूनच हा विषय थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

कोडी, आकडेमोड, चित्रे ओळखणे यांसारखे बौद्धिक व्यायाम सौम्य व मध्यम अवस्थेत उपयोगी पडतात. पुढच्या अवस्थेत तेच परीक्षेसारखे वाटून रुग्ण बावरतो. "मी कोण, सांग बरे?" हा प्रश्नही अशीच परीक्षा होय, त्याऐवजी आपणच आपले नाव व नाते सांगावे. ताज्या आठवणी आणि शब्द गेले तरी हातांची सवय, ताल आणि स्पर्श यांची जाण पुष्कळ काळ टिकते. उपक्रम तेथूनच शोधावयाचा असतो.

जन्मभर जे काम हातांनी केले, ते आठवावे. जुन्या लुगड्याच्या घड्या घालणे, कापसाच्या वाती वळणे, कणकेचा गोळा मळणे ही कामे पत्नीस ओळखीची असतील. शेतकरी पतीच्या हाती जाड दोर वा बैलाची घुंगरमाळ द्यावी. घडी वाकडी पडली तरी सुधारू नये. तिच्या हाताखाली आपला हात ठेवून हालचाल सुरू करून दिली की पुष्कळदा पुढचे काम हात स्वतःच करू लागतात. मात्र या अवस्थेत रुग्ण हाती येईल ते तोंडात घालतो. म्हणून डाळ-तांदूळ निवडावयास देऊ नये, मणी-बटणे दूर ठेवावीत, कापूस व कणीक हाती असताना शेजारून उठू नये. कापूर तर देवघरातही हाताशी नसावा. तो पोटात गेल्यास विषबाधा होते.

समर्थ रामदासांच्या या जन्मगावी अनेकांना मनाचे श्लोक बालपणापासून पाठ असतात. संथ लयीत अर्धा चरण म्हणून क्षणभर थांबावे. उरलेला भाग ओठांवर आला तर आनंद. न आल्यास आपणच पूर्ण करावा. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. ज्याच्या घरी जे म्हटले जात असेल, ते म्हणावे. दिवसभर चालू ठेवलेला दूरदर्शन संच हा मात्र आमच्या मते उपक्रम नव्हे, तो नुसता गोंगाट आहे.

अमेरिकेतील समाजसेविका जॉइस सिमार्ड यांनी 2003 मध्ये अशाच रुग्णांसाठी एक पद्धत सुरू केली आणि तिला आपल्या 'नमस्ते' या शब्दाचेच नाव दिले. शांत खोली, तेल लावून हात चोळणे, केस विंचरणे, नाव घेऊन बोलणे, घोट-घोट पाणी : आपल्या घरांना यात नवे असे काही नाही. नवे एवढेच की ही कामे उरकायची नसून तोच उपक्रम मानावयाचा. मोगऱ्याचा वास चालेल. परंतु या विकारात गंधज्ञान पुष्कळदा आधीच मंदावते, तेव्हा प्रतिसाद न आल्यास खिन्न होऊ नये.

वेळ सकाळची, दहा-पंधरा मिनिटांची असावी. तिन्हीसांजेला अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. कपाळावरील आठी, ओढून घेतलेला हात, वळविलेले तोंड ही "पुरे" म्हणण्याची भाषा समजावी. ओरडणे वा येरझाऱ्या वाढल्यास कंटाळा गृहीत धरण्यापूर्वी दुखणे, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, कानातील मळ तपासावे. एक-दोन दिवसांतच वागणे एकाएकी बदलले, किंवा रुग्ण गुंगीत राहू लागला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

सांभाळणारा जोडीदारही बहुधा सत्तरीतला असतो. आठवड्यातून दोन दुपारी मुलगा, सून वा शेजारच्या कोणी तासभर रुग्णाजवळ बसावे आणि त्यांस निजू द्यावे. मन फारच खचले तर 'टेली-मानस' या शासकीय सेवेशी 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.