राजसत्तेची मर्यादा व शेतकऱ्याचें स्वातंत्र्य

पारगांवच्या शिवारांत घोड नदीच्या पाण्यावर दोन पिकें शेतकऱ्याच्या हातीं रोकड आणून देतात; एक ऊंस व दुसरें कांदा. ऊंस गांवाजवळच दत्तात्रयनगर येथें असलेल्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यास जातो. कांदा बराखींत भरला जातो आणि भावाचा अंदाज घेऊन मंचर, जुन्नर, ओतूर किंवा चाकण येथील बाजारांत नेला जातो. या पिकांवर पडणारे रोग, कीड, पाऊसपाणी यांविषयीं शेतकरी वाचतो, विचारतो व शिकतो. परंतु बराखींतल्या मालाचें मोल एका रात्रींत उतरविणारी आणखी एक वस्तु आहे, ती म्हणजे सरकारी हुकूम. तिचा अभ्यास मात्र आपणांत फारसा होत नाहीं. हुकूम आला म्हणजे आपण चिडतों, उठला म्हणजे विसरतों. असे हुकूम काढण्याची सत्ता सरकारास कोठून मिळाली, ती किती असावी व तिला बांध कोणीं घालावा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

प्रथम अलीकडचेंच उदाहरण घेऊं. ता. ७ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीस बंदी केली. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत असल्याचें अधिसूचनेंत लिहिलेलें होतें. आतां शेतकऱ्याचा हिशेब पाहावा. उन्हाळी कांद्याचें रोप आपल्याकडे बहुतेक डिसेंबर-जानेवारींत लागतें व पीक मार्च-एप्रिलांत निघतें. ज्यानें त्या छापील तारखेवर भरवसा ठेवला, त्यानें आपला कांदा निघेल तेव्हां दार उघडलेलें असेल असें धरून बियाणें, खत व मजुरी यांवर पैसा घातला. २२ मार्च रोजीं, मुदत सरण्यास नऊ दिवस उरले असतां, ती बंदी पुढील हुकूम होईपर्यंत वाढविण्यांत आली. ४ मे रोजीं ती उठली खरी, पण दर टनास ५५० डॉलर हा किमान निर्यातभाव व चाळीस टक्के शुल्क मागें ठेवून उठली.

ही बंदी योग्य होती कीं अयोग्य, हा वाद क्षणभर बाजूस ठेवूं. शहरांतील गरिबाच्या ताटांतला कांदा महाग होऊं नये हा हेतु कांहीं वाईट नाहीं. प्रश्न निराळाच आहे. एखाद्या व्यापाऱ्यानें तारखेचा करार लिहून दिला व तो मुदतीपूर्वीं मोडला, तर त्यास आपण न्यायाधीशापुढें उभा करूं शकतों. सरकारची तारीख मोडली तर कोणाकडे जावयाचें? निर्यातीच्या धोरणांत न्यायालयें सहसा हात घालीत नाहींत, आणि ज्या कायद्याच्या आधारें, म्हणजे १९९२ च्या परराष्ट्रव्यापार कायद्याच्या आधारें, अशी बंदी होते, त्यांत शेतकऱ्यास भरपाई देण्याची तरतूद नाहीं.

येथें कायदा आणि हुकूम यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. कायदा आधीं लिहिलेला असतो, सर्वांस सारखा असतो, आणि त्याखालीं काय घडेल हें पेरणीपूर्वींच सांगतां येतें. हुकूम हा प्रसंग पाहून निघतो. उद्यां काय निघेल हें काढणारासही आज ठाऊक नसतें. ज्या विचारवंतांस व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणतात, त्यांचें सारें म्हणणें या भेदावर उभें आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत लॉक यानें असें मांडलें कीं, मनुष्याचा जीव, त्याचें स्वातंत्र्य व त्याची मालमत्ता यांच्या रक्षणासाठीं सरकार असतें; तें या गोष्टींचें विश्वस्त आहे, मालक नव्हे. १९४४ सालीं हायेक या अर्थशास्त्रज्ञानें त्यास पुस्ती जोडली कीं, सरकारनें आपल्या सर्व कृती आधीं जाहीर केलेल्या नियमांनीं बांधून घ्याव्या, म्हणजे प्रत्येकास आपल्या प्रपंचाची आंखणी करतां येते. सत्ता चांगल्या माणसाच्या हातीं आहे एवढ्यानें हे लोक संतुष्ट होत नाहींत. माणूस बदलतो, सत्ता राहते.

हा विचार पाश्चात्यांचा म्हणून कोणी झिडकारील, तर त्यानें शिवनेरीच्या पायथ्याशीं राहून तसें करूं नये. मराठी राज्याच्या कारभाराविषयीं रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाचें प्रकरण आहे. तारवें बांधण्यास थोर लांकूड लागे व तें रानांतून आणावें असें तेथें सांगितलें आहे. परंतु रयतेच्या आंबा-फणसादि झाडांस हात लावूं नये, कारण तीं वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन न्यावें. बलात्कार सर्वथा करूं नये. यांतील मर्म पाहण्याजोगें आहे. दरबाराची गरज खोटी नव्हती. समुद्रावर शत्रु प्रबळ होता. तरीही धन्याची राजी आणि मालाचें मोल या दोन अटी गरजेच्या वर ठेवल्या होत्या. अर्थात् ही मर्यादा राजानें आपणच आपणांस घातलेली होती. राजा फिरला असता तर झाडाच्या धन्यास दाद मागण्यास जागा नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठींच पुढें लिखित राज्यघटना, मूलभूत हक्क व स्वतंत्र न्यायालयें यांची योजना झाली.

२६ जानेवारी १९५० रोजीं आपली घटना अमलांत आली, तेव्हां मालमत्ता मिळविणें, बाळगणें व विकणें हा मूलभूत हक्क होता. पुढच्याच वर्षीं, १९५१ सालीं, पहिली घटनादुरुस्ती होऊन नववें परिशिष्ट जोडण्यांत आलें. या परिशिष्टांत ज्या कायद्याचें नांव पडेल, तो मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे या कारणानें न्यायालयास रद्द करतां येऊं नये, अशी ही योजना होती. आरंभीं त्यांत तेरा कायदे होते व आपल्या मुंबई इलाख्याचा १९४८ चा कूळकायदा त्यांपैकींच एक होय.

या ठिकाणीं वाचकांपैकीं पुष्कळ जण थबकतील, आणि त्यांनीं थबकावेंच. ता. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं ज्या कुळांस कसत असलेली जमीन मिळाली, त्यांचीं मुलेंनातवंडें आज आपल्या सभासदांत आहेत. त्या कायद्यानें सारावसुलीच्या आकाराच्या वीस ते दोनशें पट या मर्यादेंत जमिनीची किंमत ठरवून ती कुळाकडून मालकास देवविली. ज्याच्या घामानें शेत पिकलें त्यास तें मिळालें, हें प्रस्तुत लेखकास न्याय्यच वाटतें. पण एका चांगल्या कायद्यासाठीं जें कुंपण तोडलें, तें पुन्हां कोणीं बांधलें नाहीं. त्या वाटेनें पुढें २८४ कायदे आंत शिरले. १९७६ सालीं, आणीबाणीच्या काळांत, १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदाही त्यांत घालण्यांत आला. त्याच्या तिसऱ्या कलमान्वयें सरकारास शेतमालाचा साठा, भाव, वाहतूक व विक्री यांवर केवळ हुकुमानें निर्बंध घालतां येतात. कुळाच्या रक्षणार्थ उघडलेल्या दारांतून कुळाचाच कांदा अडविणारा कायदा आंत आला, हें आमच्या इतिहासांतील मोठेंच विपरीत होय. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला. आतां तो ३०० अ या अनुच्छेदान्वयें केवळ कायदेशीर हक्क उरला आहे. एवढेंच समाधान कीं, २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टांत घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीच्या कसोटीवर तपासतां येतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं दिला.

या प्रवाहाविरुद्ध कोणीच उभें राहिलें नाहीं असें नाहीं. जानेवारी १९५९ मध्यें नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनांत संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला, तेव्हां जमिनीवरील शेतकऱ्याची मालकी जाईल या भीतीनें राजगोपालाचारी, मिनू मसानी व शेतकऱ्यांचे पुढारी प्रा. रंगा यांनीं त्याच वर्षीं स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ च्या निवडणुकींत लोकसभेंत त्याचे ४४ सभासद निवडून आले. पुढें तो लयास गेला. महाराष्ट्रांत हा विचार खेड्यापर्यंत नेला तो शरद जोशी यांनीं. टपालखात्यांतील अधिकार व स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघाची नोकरी सोडून या गृहस्थानें चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेतीचा जमाखर्च मांडला. शेती तोट्यांत जाते ती आळसानें नव्हे, तर सरकार भाव पाडतें म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७९ सालीं शेतकरी संघटना निघाली व १९८० सालीं आपल्याच पुणें-नाशिक रस्त्यावर चाकणचें कांदाआंदोलन झालें. १९९४ सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष स्थापिला, २००४ ते २०१० ते राज्यसभेंत होते व डिसेंबर २०१५ मध्यें वारले.

पूर्वीं सरकारकडे भाव मागणारे जोशी पुढें सरकारास बाजारांतून निघून जा असें सांगूं लागले, ही विसंगति आहे असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन्ही वेळां मागणी एकच होती कीं, मालावर ठेवलेला हात काढा. परंतु पहिल्या मागणीस जेवढे लोक जमले तेवढे दुसरीस जमले नाहींत, हेंही खरें. भाव मागणें सोपें आहे. त्याबरोबर अनुदान व कर्जमाफी यांची वाट पाहणें सोडून देणें कठीण आहे. जो हात देतो तोच धरतो, हें शेतकऱ्यास कळतें, पण वळत नाहीं.

आतां उसाकडे वळूं, कारण सरकारचा प्रत्येक नियम जाचकच असतो अशी समजूत होणें अनिष्ट आहे. जीवनावश्यक वस्तूंच्या त्याच कायद्याखालीं १९६६ चा ऊंस नियंत्रण आदेश निघाला. त्यांत ऊंस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे व न दिल्यास सालीना पंधरा टक्के व्याज द्यावें असा नियम घातला गेला. हा नियम ऊंस घालणाराचा करार राखतो, आधीं ठाऊक असतो, आणि लहानमोठ्या सर्व कारखान्यांस सारखा असतो. व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यानेंही त्याचें स्वागत करावें. उलटपक्षीं महाराष्ट्रांत पूर्वीं झोनबंदी होती. आपल्या क्षेत्रांतील कारखान्यासच ऊंस घातला पाहिजे, दुसरा अधिक भाव देत असला तरी तिकडे नेतां येत नसे. ती गेली. पुढें दोन कारखान्यांत किमान अंतर ठेवण्याची अट आली व महाराष्ट्र सरकारनें तें २५ किलोमीटर केलें. अशा अटीनें जुन्या कारखान्यास स्थैर्य मिळतें, पण ऊंस घालणाराचा पर्याय तितका कमी होतो. एकाच आदेशाच्या छायेखालीं असे दोन जातींचे नियम वाढतात. सहकारी कारखाना आपलाच आहे म्हणून हा भेद पाहूं नये, असें नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सरकार मागें सरलें तर सावकार व दलाल पुढें येतील. आपल्या भागास हें सांगावयास नको. मे १८७५ मध्यें सुपें येथें दंगा झाला व तो शेजारच्या शिरूर तालुक्यापर्यंत पसरला. शेतकऱ्यांनीं कर्जरोखे जाळले. पण तेव्हां सावकाराचें बळ एकट्या सावकाराचें नव्हतें. साऱ्याची आकारणी सरकारनें वाढविली होती व रोख्याची शहानिशा न करतां एकतर्फी हुकूमनामे सरकारचींच न्यायालयें देत होतीं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचें काम न्यायाधीशावर टाकलें. म्हणजे औषध हुकुमाचें नव्हतें, न्यायालयाचें होतें.

मर्यादा लिहिली तर काय फरक पडतो, याचा दाखला २०२० सालीं थोडा काळ मिळाला. त्या वर्षीं जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, फळभाज्यांचा किरकोळ भाव शेंकडा शंभरांनीं चढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालूं नये. ऑक्टोबरांत सरकारनें कांद्याच्या घाऊक व्यापाऱ्यास २५ टन व किरकोळ व्यापाऱ्यास २ टन अशी मर्यादा घातली, तेव्हां भाववाढीचे आंकडे जाहीर करून व ३१ डिसेंबर ही मुदत सांगून ती घालावी लागली. मात्र ही दुरुस्ती लोकसभेंत संमत झाली १५ सप्टेंबरास, आणि निर्यातबंदी झाली १४ सप्टेंबरास, दुसऱ्या कायद्याखालीं, जेथें असा बांधच नव्हता. एका बांधावर माती घातली तर पाणी दुसऱ्या सखल जागेनें निघतें. २०२१ मध्यें इतर दोन शेतीकायद्यांबरोबर ही दुरुस्तीही रद्द झाली. त्या तीन कायद्यांवरील रणधुमाळींत या एका उपयुक्त कलमाकडे महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं वेगळें लक्ष द्यावयास पाहिजे होतें.

कांद्यावरील निर्यातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्यें वीस टक्क्यांवर आलें व १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण उठलें. ज्या कलमांनीं तें बसलें होतें तीं तशींच आहेत. पुढील अधिसूचना निघेल तेव्हां ती राजपत्रांत कोणासही वाचतां येईल. आपल्या सभासदांनीं ती गांवांत मोठ्यानें वाचावी व चार गोष्टी टिपून ठेवाव्या: कोणत्या कायद्याचें कोणतें कलम सांगितलें आहे, कारण दिलें आहे काय, मुदत लिहिली आहे काय, आणि मागील वेळची मुदत पाळली गेली होती काय. हें टिपण तालुक्याच्या आमदार-खासदारांपुढें ठेवतांना भाव वाढवून द्या एवढेंच न म्हणतां, पेरणीनंतर निर्यातीचा नियम बदलल्यास त्या हंगामाच्या नुकसानीची भरपाई कायद्यांतच लिहावी, अशी मागणी करावी.