‘लग्न’ या शब्दाचा अर्थ

लग्नसराई सुरू झाली की विरारच्या श्री जीवदानी देवीच्या गडावर नवविवाहित जोडप्यांची वर्दळ वाढते. ‘लग्न कधी झाले?’ असे त्यांना सहज विचारले जाते. या प्रश्नातील ‘लग्न’ हे मुळात विवाहाचे नाव नव्हे, ते वेळेचे नाव आहे.

संस्कृत ‘लग्’ धातूचा अर्थ चिकटणे. त्यापासून ‘लग्न’ म्हणजे चिकटलेले. एखाद्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते, तिला ज्योतिषशास्त्रात त्या क्षणाचे लग्न म्हणतात. अहोरात्रात बारा राशी उगवतात, म्हणून एक लग्न साधारण दोन तास टिकते. ही वेळ स्थळाप्रमाणे बदलते. वसई-विरार व मुंबई जवळपास एकाच रेखांशावर असल्याने मुंबईची वेळ येथे चालते. नागपुरात तेच लग्न सुमारे २५ मिनिटे आधी येते.

विवाहासाठी शुभ लग्न साधावयाचे, तर क्षण चुकता कामा नये. त्यासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेली ही वाटी पाण्यावर सोडली की २४ मिनिटांत भरून बुडे. तीच एक घटिका. तो क्षण येईपर्यंत मंगलाष्टके चालत. ‘सावधान’ हा इशारा त्या वेळेचाच आहे. पुढे क्षणाचे नाव साऱ्या सोहळ्याला मिळाले. वसईतील मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांतही चर्चमधील विवाहाला लग्नच म्हणतात. तेथे राशीचा काही संबंध नाही.

‘विवाह’ शब्दात ‘वह्’ म्हणजे वाहून नेणे हा धातू आहे. वधूला पित्याच्या घरून नेणे, हा त्याचा मूळ भाव. हा शब्द निमंत्रणपत्रिकेत व सरकारी नोंदणीत शोभतो. मात्र ‘विवाह लागला’ असे कोणी म्हणत नाही. लागते ते लग्नच. आणि गंमत अशी, की ‘लागणे’ हे क्रियापदही ‘लग्’ याच धातूपासून प्राकृतातून मराठीत आले आहे. पत्रिका जुळविताना मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘मुलीचे लग्न कोणते?’ असे ज्योतिषी विचारतो, तेव्हा तो तिची जन्मवेळची उदित रास विचारीत असतो. कुंडलीत लग्न हे पहिले स्थान, तर विवाहाचा विचार सातव्या स्थानावरून होतो.

अक्षता पडल्या की ‘लग्न लागले’ म्हणून मंडळी पंगतीकडे वळतात. ते शब्दशः खरे आहे, पण विवाह अद्याप पूर्ण झालेला नसतो. ज्या विधींत सप्तपदी आहे, तेथे वधूवरांनी अग्नीसमक्ष सातवे पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ मध्ये म्हटले आहे. आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. अक्षतांसाठी ताटकळणारे पाहुणे सप्तपदीला मात्र क्वचितच थांबतात. यजमानांनी तिची वेळही पुरोहितांना आधी विचारून निमंत्रितांना कळवावी.