फोनवर बंद, बोअरमध्ये चालू

मला रिले विकणारा दुकानदार अजूनही चारचौघांत सांगतो, की माझी मोटर फुकटच्या सॉफ्टवेअरनं जळाली. म्हणून हे लिहितोय.

बुलढाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको: येळगाव धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही आणि एप्रिलमध्ये बोअरचं पाणी वीस मिनिटांत तुटतं. म्हणून मी एक एचपीच्या सबमर्सिबलला टास्मोटा हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलेला वायफाय रिले जोडला आणि होम असिस्टंट या घरच्या ऑटोमेशन सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं: संध्याकाळी पाचला चालू, वीस मिनिटांनी बंद. रिले निवडून दिला त्या दुकानदारानंच. मी दोनदा विचारलं होतं, मोटरला चालेल ना? "दहा अँपिअर लिहिलंय ना भाऊ, तुमची मोटर घेते किती?"

त्या रविवारी आम्ही शेगावला लग्नात होतो. पाच एकवीसला फोन पाहिला: मोटर बंद. जेवताना पुन्हा पाहिला: बंद. रात्री दहाला घरी आलो, तर पॅनलवरच्या अँपिअर मीटरचा काटा शून्यावर नव्हता. थरथरत होता. उभ्या उभ्या फोनवरून चालू केलं, बंद केलं. रिलेचा रोजचा 'टक्' आवाज आलाच नाही. तेव्हा पोटात गोळा आला. फोन दाखवत होता तो माझा हुकूम. मोटर काय करतेय हे त्याला ठाऊकच नव्हतं. एमसीबी पाडला, पण तोवर ती जवळजवळ पाच तास कोरडी चालली होती.

सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. रिलेवरचा दहाचा आकडा बल्ब-हीटरसारख्या लोडचा असतो. रोजच्या ठिणगीनं आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. रिले फोडला तर नखानं सुटेनात.

तो रिले आणि पाच वीसला 'बंद' गेल्याची नोंद घेऊन दुकानात गेलो. त्यानं मान वर केली नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाची वायर मोजत राहिला. "तुम्ही आत काहीबाही टाकलं, आता आपली जबाबदारी नाही." माझ्याकडे कच्चं बिल. मोटर वर काढण्याचे, वाइंडिंगचे पैसे माझ्याच खिशातून गेले.

तेव्हा मोटर कधीही थेट रिलेवर घेऊ नका. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरनं घ्यायचा. मोटरच्या वायरवर पीझेम-००४टी हे करंट मोजणारं मॉड्यूल बसवा. 'बंद' म्हटल्यावरही करंट दिसला तर घरात भोंगा वाजला पाहिजे, चालू असताना करंट एकदम पडला तर बोअर कोरडा समजून मोटर थांबली पाहिजे. टास्मोटात पॉवरऑनस्टेट ० ठेवा, नाहीतर लाइट गेली तेव्हा चालू असलेली मोटर लाइट येताच आपोआप सुरू होते. पल्सटाइम १९०० दिला की वायफाय मेलं तरी अर्ध्या तासानं रिले सुटतो. पॉइंट चिकटल्यावर या दोन्ही सेटिंग कामाच्या नाहीत, म्हणून करंट मोजणं आधी.

होम असिस्टंटचा बॅकअप दुसरीकडे ठेवा. लाइटच्या लपंडावात मेमरी कार्डं मरतात. अर्थिंग तपासा. पॅनलवरची हिरवी-लाल बटणं काढू नका, आईला फोन नको असतो, बटण हवं असतं. आणि पक्कं बिल मागा, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

नवा कॉन्टॅक्टर मी खामगावहून आणला.