यार्देनेच्या काठचा शेरा

मुक्काम अहमदनगर

चि. भाच्यास मामाचा प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद विशेष.

तुझे सविस्तर पत्र परवाच्या टपालाने पावले. खात्याच्या परीक्षेत तू पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला असताना, ज्येष्ठतेच्या यादीत तुझे नाव वर असताना आणि त्या जागेचे काम हंगामी म्हणून इतके दिवस तूच निभावले असताना, ऐन वेळी साहेबांच्या मर्जीतल्या दुसऱ्याच गृहस्थास हेडक्लार्क नेमण्यात आले, ही हकीकत वाचून मला वाईट वाटले. हे मी आधीच लिहून ठेवतो. कारण अशा प्रसंगी आपल्या मंडळीतील वडीलधारी माणसे ‘हे सारे ऐहिक आहे’ असे म्हणून जे हात झटकतात, ते मला कधीच रुचलेले नाही. ऐहिक असले तरी खोलीचे भाडे त्यातूनच जाते आणि धाकट्या बहिणीची फीही त्यातूनच भरली जाते. अन्याय तो अन्याय. त्याविरुद्ध वरिष्ठांकडे रीतसर अर्ज करण्याचा तुझा हक्क आहे व तो तू अवश्य बजाव. मसुदा पाठवलास तर तपासून देईन. पेन्शनीत बसलो असलो तरी ती सवय अजून मोडलेली नाही.

परंतु पत्राच्या शेवटी तू जे विचारले आहेस, की ‘प्रभूची माझ्यावर प्रीती असेल तर ती माझ्या आयुष्यात कोठेच कशी उमटत नाही’, त्याला अर्ज हे उत्तर नव्हे. आणि खरे सांगायचे तर बढतीही त्याचे उत्तर झाली नसती. बढती मिळाली असती तर हा प्रश्न तुला पडलाच नसता, इतकेच. आणि न पडलेला प्रश्न सुटला असे समजून माणूस पुढच्या हुद्द्याची वाट पाहू लागतो.

तू लहानपणापासून पाठ केलेले मार्काचे शुभवर्तमान एकदा पुन्हा उघडून त्याचा पहिलाच अध्याय, सरकारी कागद वाचतोस तितक्या बारकाईने, वाच. नासरेथकर येशू यार्देनेत बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि आकाशातून पित्याची वाणी होते, की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. ही वाणी कधी झाली, ते पाहा. त्या घटकेपर्यंत त्याच्या हातून एकही रोगी बरा झालेला नाही, एकही प्रवचन झालेले नाही, एकही शिष्य मिळालेला नाही. खेड्यातल्या एका सुताराची तीस वर्षांची, कोणी नोंद न ठेवलेली मजुरी, एवढेच काय ते पदरी आहे. आपल्या कचेऱ्यांत आधी काम, मग अहवाल आणि सर्वांच्या शेवटी शेरा, असा क्रम असतो. तेथे शेरा आधी पडला आणि काम मागून सुरू झाले. मला वाटते, पुढे लोकसमुदाय त्याला राजा करावयास निघाला तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जाऊ शकला, आणि तोच समुदाय उलटला तेव्हाही त्याचा तोल गेला नाही, याचे मूळ या क्रमात आहे. सत्तर शिष्य आपल्या यशाच्या वार्ता घेऊन हर्षाने परत आले तेव्हाही त्याने त्यांना त्या यशात आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत यात माना, असे बजावले. आणि हे यश तर धर्मकार्यातले होते.

यशाने जे भागत नाही त्याची साक्ष पाहिजे तर पंडिता रमाबाईंची घे. कारण यश आणि अपयश या दोहोंची त्यांच्याइतकी पुरती ओळख महाराष्ट्रात फार थोड्यांना झाली असेल. दुष्काळात आईबाप डोळ्यांदेखत गेलेली ही मुलगी भावासह देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली आणि तेथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे चार वर्षांच्या आत भाऊ गेला, पतीही गेला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा काळ लौकिकाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा मध्यान्हच म्हणावा लागेल: अमेरिकेत गावोगाव व्याख्याने, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचा १८८७ सालचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ, १८८९ साली मुंबईत शारदा सदनाची स्थापना. आणि नेमक्या या वर्षांविषयी बाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे, की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला. इतकी परखड कबुली देणारा दुसरा धर्मोपदेशक मला माहीत नाही. ज्या वर्षांत जगाने त्यांना यशस्वी म्हणून डोक्यावर घेतले, त्या वर्षांत आत काय होते, ते त्यांनी लपवले नाही.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य पाहा. सदन मुंबईहून पुण्यास हलल्यावर, १८९३ साली तेथील मुलींवर ख्रिस्ती वळण पडते म्हणून पुण्यात गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. तीन-चार वर्षांतच दुष्काळ पडला तेव्हा हीच बाई मध्यप्रांतात जाऊन, कोणी न पुसलेल्या मुली गोळा करून त्यांना केडगावच्या माळावर घेऊन आली. आणि उतारवयात, कानांनी ऐकू येणे कमी झाले असता, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभले, ते सुमारे अठरा वर्षे चालले. ते छापले केडगावच्याच त्यांच्या मुक्ति सदनाच्या छापखान्यात, आणि खिळे जुळवले दुष्काळातून आणलेल्या मुलींनी. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मंडळ्यांतून मात्र तो रूढ झाला नाही. उपासनेत आपण आजही दुसरेच भाषांतर वाचतो. तुझ्या हिशोबाने अठरा वर्षांच्या श्रमाची बाकी शून्य निघेल. परंतु त्या कामाची मंजुरी त्यांना आधीच मिळालेली होती, म्हणून शून्याचे भय त्यांना कामाच्या आड आले नाही.

आता रमाबाई थोर म्हणून दूरच्या वाटतील. तेव्हा कचेरीतलाच मासला देतो. माझ्या उमेदवारीच्या काळात तालुक्याच्या कचेरीत एक वृद्ध ख्रिस्ती कारकून होते. माणूस तिरसट, तपकीर ओढीत आणि अक्षर वाईट म्हणून आम्हा पोरांचे कागद फाडून फेकीत. एका वर्षी पावसाने दगा दिला असता पिकाची अणेवारी चढती दाखवावी, म्हणजे सारावसुली तहकूब करण्याचा प्रसंग येणार नाही, असा वरून तोंडी इशारा आला. लेखी काही नव्हते. असे इशारे लेखी नसतातच. सगळ्यांनी आकडे फुगवले. या गृहस्थांनी मात्र बांधावर उभे राहून जे पाहिले होते तेच लिहिले, खाली सही केली, टाक पुसून कलमदानात ठेवला आणि डबा उघडून भाकरी खाल्ली. पुढे त्यांची आडगावी बदली झाली. निरोप द्यावयास गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी सामान बांधत होत्या आणि ते स्वतः कोंबड्यांची खुराडी कशी न्यायची या विवंचनेत होते. बदलीविषयी चकार शब्द नाही. साहेबांच्या शेऱ्यावाचून ज्याचे अडते त्याच्या हातून तो आकडा लिहिला गेला नसता. ख्रिस्ताच्या प्रीतीतून येणारे सामर्थ्य म्हणजे काय, हे मला अनेक प्रवचनांपेक्षा त्या भाकरीने अधिक कळले.

मात्र या प्रीतीचा एक भाग कडू आहे आणि तो तुझ्यापासून लपवणे बरे नव्हे. ज्या प्रीतीवर तू उभा राहू पाहतोस ती तुझ्या खाजगी मालकीची इनाम जमीन नाही. तुझी जागा बळकावणाऱ्या त्या गृहस्थावरही ती तितकीच आहे आणि पक्षपात करणाऱ्या साहेबावरही आहे. ज्याला कमी गुणांवर, केवळ मर्जीने, जागा मिळाली आहे, तो आज तुझ्याहून अधिक धास्तावलेला असेल. मर्जी फिरली की काय, हा प्रश्न त्याला रोज सकाळी कचेरीच्या पायऱ्या चढताना पडेल. त्याचा द्वेष करण्याचे तुला पुष्कळ कारण आहे, पण तसा अवसर या प्रीतीत ठेवलेला नाही.

म्हणून अर्ज द्यावयाचा तो दे, पण दफ्तर हवाली करताना हात आखडू नकोस. प्रलंबित प्रकरणांची फेरिस्त नीट करून दे, कोणत्या कागदाची मुदत कधी संपते ते लाल शाईने लिही, आणि ज्या खाचाखोचा केवळ तुलाच ठाऊक आहेत त्या तोंडी समजावून सांग. त्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना कर. पहिले काही दिवस शब्द घशात अडकतील, तेव्हा नुसते नाव घेतलेस तरी चालेल. लोक विचारतील या संकोचाने तू रविवारची उपासना टाळतोस, असे तुझ्या आईने कळवले आहे. मागच्या बाकावर बस, पण जा. विचारले तर जागा मिळाली नाही असे सरळ सांगावे. त्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात काही ना काही मिळालेले नाही.

नाताळच्या सुटीचे निश्चित झाले म्हणजे लिही, आणि दौंडवरून येणार की मनमाडवरून तेही कळव, म्हणजे स्टेशनावर टांगा पाठवता येईल. तुझी मामी करंज्यांचे विचारते आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा
मामा